उभं राहिलं तर ड्रोन

रविवारी सकाळी आठच्या सुमारास निंबाळवाडीच्या शाळेच्या मैदानावरून विश्वंभरचं हेलिकॉप्टर आपोआप उडालं आणि दोन पुरुष उंचीवर जाऊन उभं राहिलं. त्या वेळी विश्वंभर सही करत होता.

मैदानावर साठ-सत्तर माणसं होती आणि पुढे काय काय झालं याबद्दल त्यांच्यात बरेच मतभेद आहेत. पण हेलिकॉप्टर उडालं तेव्हा विश्वंभरचा हात रिमोटवर नव्हता, पेनावर होता, याबद्दल एकमत आहे. विश्वंभरलाही ते मान्य आहे. त्याची हरकत फक्त 'रिमोट' या शब्दाला आहे. रिमोट टीव्हीचा असतो. हा ट्रान्समीटर.

विश्वंभर वसमतला एका सरकारी कार्यालयात आवक-जावक लिपिक आहे. इतक्या वर्षांत त्याच्या हातून एकही कागद गहाळ झालेला नाही आणि एकही कागद वेळेआधी पुढे गेलेला नाही. अशा माणसाने हेलिकॉप्टर कशासाठी घ्यावं, असा प्रश्न गावाने विचारला. बायकोने, म्हणजे कोमलने, विचारला नाही. तिने खोकं पाहिलं, खोक्यावरचं चित्र पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "दसऱ्याला सोफा घिऊ म्हनत होते, तो असा निघाला व्हय?"

हेलिकॉप्टर हातभर लांबीचं, विजेवर चालणारं. वर दोन मोठी पाती, शेपटीला छोटा पंखा आणि पात्यांच्या खाली एक तबकडी, जी ट्रान्समीटरवरची काडी हलवाल तशी कलते. "आत बसायला जागा नाही, एवढं सोडलं तर खऱ्यात आणि याच्यात काही फरक नाही," असं विश्वंभर सांगत होता.

"मंग फरक तोच मोठा हाय की," शेजारचे व्यंकटराव म्हणाले. व्यंकटरावांचा हळद पॉलिश करायचा ड्रम आहे. हंगामात तो ड्रम गरगरतो आणि बाकीचे आठ महिने व्यंकटराव सल्ला देतात.

हेलिकॉप्टर चांगलं होतं. वेळ वाईट होती. त्या दिवसांत तालुक्यातली गावं झोपत नव्हती. आकाशात लाल-हिरवे दिवे फिरतात, ते ड्रोन असतात, ड्रोन घरं हेरून जातात आणि मागाहून चोर येतात, अशी बातमी या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरत होती. चोर कुठे आल्याचं कळलं नव्हतं, पण ड्रोन सगळ्यांनी पाहिले होते. निंबाळवाडीत गच्चीगच्चीवर गस्त बसली होती. एकदा शुक्राच्या चांदणीला हाका मारून खाली उतरायला सांगण्यात आलं. ती उतरली नाही, पण पहाटे पळून गेली, अशी नोंद व्यंकटरावांनी तोंडी करून ठेवली आहे.

अशा गावात पार्सल आलं. दुसऱ्या दिवशी चौकीचे जमादार देविदास दारात.

"विश्वंभरभाऊ, तकलीफ देतो. तुमच्या घरी उडतं काही आलं म्हनून खबर हाय."

"हेलिकॉप्टर आहे, जमादारसाहेब. ड्रोन नाही."

"ते तुमी म्हनता. तसा कागद हाय का?"

हा प्रश्न विश्वंभरने आजवर हजारो लोकांना खिडकीच्या आतून विचारला होता. बाहेरून तो कसा ऐकू येतो हे त्याला पहिल्यांदाच कळलं. त्याने पावती काढून दिली. पावतीवर दुकानदाराने 'एअरक्राफ्ट' असं लिहिलं होतं.

देविदासांनी पावती दोनदा वाचली. "हितं तर विमान लिव्हलंय. आता हे तिसरंच निघालं."

हेलिकॉप्टर चौकीत जमा झालं. पाती काढून वेगळ्या पाकिटात ठेवली. ट्रान्समीटर घरीच राहू दिला, कारण तो उडत नाही. महिनाअखेरपर्यंत कागद आणला तर हेलिकॉप्टर परत, नाहीतर ते मुद्देमाल म्हणून वर जाणार, असं देविदासांनी सांगितलं. सांगताना त्यांना स्वतःलाच वाईट वाटत होतं. मुद्देमाल वर जाणं म्हणजे काय, ते गावाला ठाऊक होतं. व्यंकटरावांच्या चुलत भावाची पाण्याची मोटर एका भांडणात अशीच वर गेली होती. निकाल लागल्यावर ती सन्मानाने परत आली. आतलं तांबं मात्र आलं नाही.

कागद मिळवायला विश्वंभर ग्रामपंचायतीत गेला. ग्रामसेवक धर्मसिंग मवाळ माणूस. कोणालाही नाही म्हणायचं नाही आणि नमुन्याबाहेर जायचं नाही, या दोन नियमांवर त्यांची नोकरी चालली होती.

"रहिवासी देतो, हयातीचा देतो, घरात शौचालय हाय म्हनून देतो," धर्मसिंग म्हणाले. "ड्रोन न्हाई असा नमुना आपल्याकडं न्हाई, भाऊ."

"हयातीचा देता ना? तसाच द्या. अमुक वस्तू हेलिकॉप्टर आहे, बस."

"हयातीच्या वेळी मानूस समोर येऊन उभा राहतो. मी बघतो, मंग सही करतो. तुमचं हेलिकॉप्टर समोर येऊन काय करंल?"

"उडेल!"

हे बोलून गेल्यावर विश्वंभरच्या लक्षात आलं की त्याने आजवर काहीही उडवलेलं नव्हतं. पण शब्द गेला होता. येत्या रविवारी शाळेच्या मैदानावर, जमादार आणि ग्रामसेवकांसमोर प्रात्यक्षिक, असं ठरलं. आता वस्तू हेलिकॉप्टर आहे की ड्रोन हे ओळखायचं कशावरून, एवढंच राहिलं. ते व्यंकटरावांनी सोडवलं.

"त्यात काय एवढं? गस्तीवर आमी रोज वळखून राहिलो. चालत राहिलं तर विमान न्हाईतर हेलिकॉप्टर. हवेत एका जागी उभं राहिलं तर ड्रोन."

हेलिकॉप्टरचा सगळा मोठेपणाच मुळी हवेत एका जागी उभं राहण्यात असतो, हे विश्वंभरला माहीत होतं. पण तसं सांगावं तर आपल्या वस्तूविरुद्ध आपणच साक्ष दिल्यासारखं होणार. मैदानाला एक फेरी मारायची आणि उतरवायचं, मध्ये कुठे थांबायचंच नाही, असा विचार करून तो म्हणाला, "मान्य."

आता ट्रान्समीटर लावायचा होता. हे काम टीव्हीचे चॅनल लावण्यासारखं नसतं. ट्रान्समीटरच्या पडद्यावर मेनू, मेनूच्या पोटात मेनू. हे विमान आहे की हेलिकॉप्टर, असा पहिलाच प्रश्न. विश्वंभरने 'हेलिकॉप्टर' निवडलं आणि तो पडदा मोठ्या आशेने देविदासांना दाखवला.

"हे बटन कोनी दाबलं?" देविदासांनी विचारलं.

"मी."

"मंग?"

पुढचं सगळं चौकीतच करावं लागलं, कारण काडी हलवली की तबकडी कुठे कलते हे समोर बघावं लागतं आणि तबकडी जमा होती. कार्यालय सुटल्यावर विश्वंभर चौकीत येई आणि बाकावर बसे. टेबलावर बिनपात्यांचं हेलिकॉप्टर, गळ्यात पट्ट्याने अडकवलेला ट्रान्समीटर. काडी उजवीकडे केली की तबकडी डावीकडे कले. पुढे केली की मागे. एकदा तर काडीला हात न लावता ती थरथरली. म्हशीच्या वादातली दोन्हीकडची माणसं तक्रार द्यायला आली होती, ती तक्रार विसरून टेबलाभोवती उभी राहिली.

"ह्याला आधी डावं-उजवं शिकवा," एकजण म्हणाला. "नवं गोऱ्हं असंच करतं."

"मारू नका फक्त," दुसरा म्हणाला.

दोघे सकाळपासून पहिल्यांदाच एकमेकांशी सहमत झाले होते. देविदासांनी विश्वंभरला रोज यायला सांगितलं.

चार दिवसांत तबकडी वळणावर आली. काडी अर्ध्यावर असताना हेलिकॉप्टरने वजन तोलून धरावं, हेही खोक्यासोबत आलेल्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे भरून झालं. घरी विश्वंभरने मोबाइलवर हेलिकॉप्टर उडवण्याचा खेळ उतरवून घेतला. जेवताना, गाडीची वाट बघताना, कार्यालयात साहेब बोलत असताना टेबलाखाली त्याचा डावा अंगठा वर-खाली, वर-खाली चालू असायचा. वर केला की उडायचं, खाली केला की उतरायचं. शुक्रवारपर्यंत तो अंगठा मालकाला न विचारता काम करू लागला.

शनिवारी संध्याकाळी आई, पार्वतीबाई, ओसरीवर लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांचं लक्ष गेलं.

"काय करून राहिला रे मघापून?"

"उद्याचा सराव, माय. ही डावी काडी वर केली की उडतं."

पार्वतीबाईंचा हात थांबला. "पहिल्यांदा उचलायचं, अन् डाव्या हातानं?"

"त्याला काय होतं?"

"तुझ्या बापाच्या उजव्या हातात काटा मोडला व्हता त्या वर्सी हळदीचं पहिलं बेनं डाव्या हातानं लावलं. काय झालं? सगळ्या रानाला करपा."

"त्या वर्षी सगळ्या गावाच्या हळदीला करपा आला होता, माय."

"त्यांचं त्यांच्यापाशी. आपल्याला काहून आला ते सांगितलं."

"हे जपानी यंत्र आहे."

"जपानात मानसाला उजवा हात न्हाई का?"

कुंपणापलीकडून व्यंकटराव बोलले, "आक्का बराबर बोलून राहिल्या. एवढं गाव जमनार. डाव्या हातानं उचलल्यालं लोकांला दिसलं तर ड्रोनपेक्षा वाईट."

विश्वंभर चिडून पुस्तक उघडून बसला, ते आईला गप्प करायला. पण पुस्तकात निघालं भलतंच. जपानात बरेच जण उचलायची काडी उजव्याच हाताला ठेवतात आणि त्यासाठी मेनूत सोय होती. दोन वेळा बटण दाबलं की डावं काम उजवीकडे, उजवं डावीकडे. त्याने दाबलं. आपण आईचंही ऐकलं आणि यंत्राचंही, असं समाधान त्याच्या चेहऱ्यावर पसरलं.

पुस्तकात त्याखाली आणखी एक परिच्छेद होता. उचलायची काडी ठेवाल तिथे राहते, कारण तिला स्प्रिंग नसते. दुसऱ्या हाताची काडी सोडली की स्प्रिंगमुळे मध्यावर परत येते. हात बदलले तर मागचं झाकण काढून स्प्रिंगही बदलावी. विश्वंभरने हा परिच्छेद वाचला होता, हे नोंदवणं भाग आहे. त्याने ट्रान्समीटर उलटा केला, पेचकस घेतला. चार स्क्रूंपैकी एकावर चांदीसारखा कागद चिकटवलेला होता. त्यावर लिहिलं होतं, 'हे सील तुटल्यास हमी रद्द.'

पेचकस परत पेटीत गेला. दुसरं कोणीही ते सील नखाने काढलं असतं. विश्वंभरने नोकरीत लाखेची, कागदाची, दोऱ्याची सगळ्या तऱ्हेची सीलं जपली होती. सील तोडायचं तर आदेश लागतो, दोन पंच लागतात. आपली उजवी काडी आपण अंगठ्याने खाली दाबून धरू, त्याने ठरवलं. अंगठा काय, आपलाच आहे.

"झालं का?" कोमलने विचारलं.

"झालं. आता उजव्या हाताने."

"आठवडाभर डावा शिकवला त्याचं काय?"

विश्वंभरने ट्रान्समीटर चार्जिंगला लावला.

रविवारी मैदानावर माणसं वेळेआधी आली. गस्तीवरची पोरं रात्रीच्या बॅटऱ्यांसकट हजर होती. पार्वतीबाईंनी हेलिकॉप्टरच्या नाकाला हळद-कुंकू लावलं, व्यंकटरावांनी नारळ फोडला. देविदासांनी पाकिटातून पाती काढून दिली. विश्वंभरने हेलिकॉप्टर शेपटी आपल्याकडे करून मैदानाच्या मधोमध ठेवलं, बॅटरी जोडली आणि दहा पावलं मागे येऊन उभा राहिला. उजवा अंगठा काडीवर, काडी पार खाली दाबलेली. सगळं पुस्तकाप्रमाणे होतं.

तेवढ्यात देविदासांनी पाठीमागून पंचनाम्याचं पॅड पुढे केलं. "भाऊ, आधी सही. उडाल्यावर कोनी देत न्हाई."

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, थांबा. पण कागद पुढे आला की विश्वंभरचा उजवा हात उठतो. त्यात त्याच्या मनाचा संबंध येत नाही. ट्रान्समीटर पट्ट्याने गळ्यात होताच. त्याने पेन घेतलं.

उजवी काडी टुणकन मध्यावर आली.

हेलिकॉप्टरची मोटर एकदम जोर घेत नाही, आतल्या चाकांचे दाते मोडू नयेत म्हणून हळूहळू वाढते. त्यामुळे विश्वंभरने पूर्ण नाव लिहिलं तेव्हा पाती नुकती हलायला लागली होती. हुद्दा लिहिला तेव्हा ती दिसेनाशी झाली. गर्दीला वाटलं, चालू केलंय. विश्वंभरला वाटलं, व्यंकटरावांचा ड्रम चालू झाला. 'स्थळ' या शब्दापुढे तो 'निंबाळवाडी' लिहीत असताना हेलिकॉप्टरने जमीन सोडली.

"उडालं!"

विश्वंभरने मान वर केली. हेलिकॉप्टर दोन पुरुष वर गेलं, तिथं त्याचं वजन आणि अर्ध्यावरची काडी यांचा हिशेब जुळला, आणि ते खुंटीला टांगल्यासारखं उभं राहिलं. शिकाऊ माणसाला महिना महिना घालून जे जमत नाही, ते त्याने मालकाचा हात लागलेला नसताना केलं. इतक्या सुंदर रीतीने उभं राहिलेलं हेलिकॉप्टर विश्वंभरने पुस्तकातही पाहिलं नव्हतं.

मैदान उसळलं.

"उभं राहिलं! उभं राहिलं!"

"ड्रोन हाय रे! ड्रोन!"

लोकांच्या आवाजात भीती नव्हती, आनंद होता. इतकी रात्रींची जागरणं, आणि आज दिवसाउजेडी, एवढ्या जवळून. गस्तीवरच्या एका पोराने सवयीने त्याच्यावर बॅटरी मारली. देविदासांनी पॅड परत घेतलं आणि घड्याळ पाहिलं.

विश्वंभरने पेन टाकलं आणि दोन्ही हात ट्रान्समीटरवर आणले. आता फक्त उतरवायचं होतं, आणि ते कसं करायचं हे त्याच्या डाव्या अंगठ्याला पाठ होतं. डाव्या अंगठ्याने विलंब न लावता डावी काडी पार खाली ओढली.

पण डावी काडी आता पुढे-मागे जाण्याची होती. हेलिकॉप्टरने नाक वर केलं, शेपटी पुढे काढली आणि ते मागच्या मागे, विश्वंभरकडे यायला लागलं. त्याने काडी सोडली. या काडीला स्प्रिंग नव्हती. ती खालीच राहिली. हेलिकॉप्टर त्याच्या डोक्यावरून गेलं, गर्दीवर आलं. साठ-सत्तर माणसं एकदम खाली बसली. पार्वतीबाई बसल्या नाहीत. त्यांनी हात जोडले.

"चाललं! चालून राहिलं!" व्यंकटराव बसल्या जागेवरून ओरडले. "हेलिकॉप्टर हाय!"

"उलटं चाललं की!" कोणीतरी म्हणालं.

"अहो, उजवा!" कोमलचा आवाज सगळ्यांवरून आला. "उजवा हात! रात्री बदलला न्हाई का!"

विश्वंभरला उजवा हात सापडला. अंगठा काडीवर गेला. काडी खाली ओढली तर ते माणसांवर पडेल, म्हणून तो थांबला. गर्दी संपली तर शाळेचे पत्रे आले. पत्रे संपले तर व्यंकटरावांचं खळं, त्यावर बायामाणसं. हेलिकॉप्टर पाठमोरं, शांतपणे, पाहुण्याने निरोप घेत मागे सरकावं तसं लांब जात राहिलं. ओढ्याच्या पलीकडे, जिथे माणूस दिसेना, तिथे विश्वंभरने काडी खाली ओढली. आवाज बंद झाला. ते बाभळींच्या मागे उतरलं की पडलं, हे मैदानावरून दिसलं नाही.

देविदासांनी पॅडवर पेन टेकवलं. "उभं राहिलं, हे खरं?"

"खरं," गर्दी म्हणाली.

"चाललं, हेबी खरं?"

"खरं."

"मंग काय लिहू?"

सगळ्यांनी धर्मसिंगांकडे पाहिलं. धर्मसिंगांनी बराच विचार केला. "उभं राहिल्याचं बोललो व्हतो, चालल्याचं बोललो व्हतो. उलटं चालल्याचं आपलं काही ठरलं नव्हतं, भाऊ. मी दाखला न्हाई म्हनत न्हाई. पन आज देता येत न्हाई."

"माझ्या हातात नव्हतं ते, सही करत होतो मी!" विश्वंभर म्हणाला.

"तेच तर," देविदास म्हणाले. "हात न लावता उडालं. हे मी लिहिलं तर तुमचंच अवघड होईल. म्हनून लिहीत न्हाई."

पॅड बंद झालं. मग सगळे ओढ्याकडे निघाले, तर ओढ्याच्या काठावर देविदास थांबले. ओढ्यापलीकडे दुसऱ्या चौकीची हद्द लागते. पलीकडे कोण्या शेतकऱ्याने आकाशातून काहीतरी आलं म्हणून फोन करून ठेवलाच होता, आणि लोक पोचायच्या आत तिकडचा शिपाई मोटारसायकलवर हेलिकॉप्टर मांडीवर घेऊन गेलासुद्धा.

त्या चौकीत ड्रोनचा प्रश्नच निघाला नाही. तिथल्या हवालदाराने वस्तू पाहिली, नाकावरचं हळद-कुंकू पाहिलं, आणि एका शब्दात नोंद केली: खेळणे. खेळणं जमा करून ठेवायला त्यांच्याकडे जागा नाही. पालकाने यावं, 'मुलाचे खेळणे मिळाले' असं लिहून द्यावं आणि घेऊन जावं. महिनाअखेरपर्यंत कोणी आलं नाही तर मात्र बेवारस म्हणून वर पाठवणार.

देविदासांनी ही बातमी संध्याकाळी घरी येऊन सांगितली. कोमलने चहा टाकला.

"चला, सुटलं एकदाचं. ड्रोन न्हाई, काही न्हाई. उद्या जाऊन आना."

विश्वंभर ट्रान्समीटरचा पट्टा गुंडाळत राहिला.

"अहो, एक वळ लिहून द्यायची हाय."

"खेळणं नाही ते."

"मंग काय हाय?"

"प्रतिकृती."

"प्रतिकृती म्हनून ते देनार न्हाईत, भाऊ," देविदास हळूच म्हणाले. "खेळणं म्हनून आत्ता देतील. मी त्यांच्याशी बोलून आलो."

"मी पन्नाशीला आलो, जमादारसाहेब. मी ते स्वतः लावलंय, तुमच्याच बाकावर बसून. त्या म्हशीवाल्यांना विचारा. आणि आता लिहून देऊ, मुलाचं खेळणं?"

"घरातल्या घरात मीबी खेळणंच म्हनत होते," कोमल म्हणाली, "पन लिहून कुठं मागितलं मी?"

सोमवारी विश्वंभरने अर्धी रजा टाकली आणि त्या चौकीत अर्ज दिला. नोंदीतील 'खेळणे' या शब्दाऐवजी 'हेलिकॉप्टरची प्रतिकृती' असा बदल करावा व वस्तू अर्जदाराच्या ताब्यात द्यावी. अर्ज तीन प्रतींत होता. तिथल्या लिपिकाने पोच दिली, आवक क्रमांक घातला. तो क्रमांक अगदी जागच्या जागी होता, हे विश्वंभरने घरी दोनदा सांगितलं. निर्णय घ्यायचा तो हवालदारसाहेबांनी, आणि ते मुलीच्या लग्नासाठी रजेवर गेले होते.

पार्वतीबाईंचं म्हणणं, उचललं ते शुभ हातानेच, म्हणून तर कुणाला लागलं नाही. व्यंकटरावांनी ओळखायच्या नियमात उलटं चालणाऱ्यांसाठी तिसरं कलम घातलं आहे, पण ते काय ठरलं हे गस्तीवरच्या पोरांनाच माहीत. धर्मसिंग भेटले की विश्वंभरच्या आधी नमस्कार करतात.

गुरुवारी देविदास कामानिमित्त पलीकडच्या चौकीत जाऊन आले. हेलिकॉप्टर कपाटावर आहे. एक पातं गेलेलं, बाकी शाबूत दिसतं. येणारा-जाणारा शेपटीचा पंखा बोटाने फिरवून बघतो. अर्ज टेबलावर आहे, दोन फायलींच्या खाली. हवालदारसाहेब सोमवारी हजर होणार आहेत. महिनाअखेर परवा, शनिवारी आहे.